दुपारची गाडी माणूस दिसला तर थांबते

वेलफर्डच्या स्टेशनला दोन फलाट आहेत. फिलाडेल्फियाकडे जाणारी गाडी तिकीटघराच्या बाजूला लागते, तिकडून येणारी पलीकडे, आणि मधून रुळांखालचं भुयार जातं. सकाळची गर्दी ओसरली की तिकीटखिडकी बंद होते. मग भिंतीतलं मशीन. फलाट बुटके आहेत, डब्यात चढायला उंच पायऱ्या लागतात. फक्त शहराकडच्या टोकाला एक उंच चौथरा बांधलेला आहे. त्याच्या उतारावरून चालत वर गेलं की सरळ डब्यात पाऊल टाकता येतं.

हे सगळं कांचनताईंना पाठ होतं. पाठ असणं भागच होतं, कारण त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला होता. कडेकडेचं दिसायचं. समोरच्या माणसाची टोपी दिसे, बूट दिसत, चेहऱ्याच्या जागी धुकं.

गाडी चालवणं त्यांनी आपणहून सोडलं, आणि तेवढं ऐकून त्यांचा मुलगा निहार कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोहून आला. हे घर विकायचं आणि आईला शनिवारी बरोबर न्यायचं, असं तो ठरवूनच आला होता. शनिवारची दोन तिकिटंही काढली होती. कांचनताईंनी वाद घातला नाही. त्यांनी सौदा केला. निवृत्त झाल्यापासून दर गुरुवारी त्या शहरातल्या एका मोफत दवाखान्यात जात आणि ऑपरेशनच्या भीतीने गारठलेल्या पेशंटांशी बोलत. जन्मभर भूलतज्ज्ञ म्हणून काम केल्यावर ते त्यांना सहज जमे. सौदा असा: या गुरुवारी तिथे ट्रेनने एकटीने जाऊन आले तर मी इथेच राहणार, नाही जमलं तर मुकाट्याने तुझ्याबरोबर येणार. निहारने नुसतं बघायचं, मधे बोलायचं नाही.

स्टेशनात तो बोललाच.

"आई, आत बस ना. काय थंडी आहे यार. शेल्टरमध्ये हीटर आहे."

"मला चौथऱ्यावर उभं राहायचंय."

"ट्रेन आली की ऐकू येईल. तू मफलर पण आणला नाहीस."

मुलगा तीन हजार मैलांवरून आलाय, एवढं ऐकायला काय जातं, असं मनात येऊन त्या आत बसल्या. शेल्टर फलाटाच्या मध्यावर होतं. डोक्यावर हीटर घरघरत होता, काचेवर वाफ धरली होती. गाडीचा आवाज कानावर आला तेव्हा ती फलाटाशी पोचली होती. त्या दार ढकलून बाहेर आल्या आणि कडेच्या नजरेला चंदेरी डबे सरकताना दिसले. वेग कमी झालाच नाही. शेवटचा डबाही निघून गेला.

"थांबली नाही," निहार थक्क होऊन म्हणाला. "दॅट्स नॉट ओके. कम्प्लेंट करू या."

"कशाची? दुपारची गाडी फलाटावर माणूस दिसला तरच थांबते. ड्रायव्हरला रिकामा फलाट दिसला."

"तुला माहीत होतं?"

"तिकीटवालीने सांगितलं होतं. म्हणून तर चौथऱ्यावर उभी राहणार होते."

निहारने शेल्टरचं दार लावून घेतलं. मग हळूच म्हणाला, "आई, आज मी होतो. उद्या कुणी नसेल तर?"

"उद्या कुणी नसेल तर मला आत बसायला कोण सांगेल?"

त्याच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते त्यांना दिसलं नाही. बूट मात्र दिसले. एक पाऊल मागे गेले.

"पुढची तासाभराने आहे," त्या म्हणाल्या. "तू घरी जा."

"मी कारमध्ये बसतो. प्रॉमिस, काही बोलणार नाही."

"निहार, ऑपरेशन थिएटरच्या दारातून मी कितीतरी नातेवाइकांना परत पाठवलंय. सगळे हेच म्हणायचे. जा."

तो गेला. कार सुरू झाल्याचा, वळल्याचा आवाज त्यांनी नीट ऐकून घेतला. मग पांढरी काठी टेकवत, पायाखाली खडबडीत पिवळी पट्टी लागेपर्यंत फलाटाच्या कडेकडे सरकल्या, तिच्या आतल्या बाजूने चालत टोकाला गेल्या आणि उतारावरून चौथऱ्यावर चढल्या. थंडी चांगलीच होती. अधूनमधून शेल्टरचा मोह झाला, पण त्या हलल्या नाहीत. कठड्याला धरून पाय आपटत राहिल्या.

रूळ गुणगुणायला लागले तसा त्यांनी हात वर केला, आणि गाडी थांबेपर्यंत खाली घेतला नाही.

दार बरोबर चौथऱ्यासमोर उघडलं. कंडक्टर बाईने त्यांची पांढरी काठी पाहिली आणि कुठे उतरणार, ते विचारलं. कांचनताईंनी स्टेशनचं नाव सांगितलं. संध्याकाळी परत येताना वेलफर्डला उतरायचंय, हे कंडक्टरला आधी सांगावं लागतं ना, तेही विचारून घेतलं. हो, सांगावं लागतं, नाहीतर गाडी थांबत नाही, बाई म्हणाली.

त्या खिडकीशी बसल्या तोच फोन वाजला.

"आई, कुठे आहेस?"

"गाडीत."

"कुणी हेल्प केली?"

"कंडक्टरने दार उघडलं. ते तिचं कामच आहे."

पलीकडे कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग निहार म्हणाला, "ओके. तुझं शनिवारचं तिकीट मी आत्ता कॅन्सल करतो."

"आत्ता नको. संध्याकाळी, मी घरी आल्यावर कर. सौदा जाऊन यायचा आहे."

तो हसला की नुसता श्वास सोडला, ते फोनवरून कळलं नाही. पण घ्यायला येऊ का, हे त्याने विचारलं नाही.