बटणांचे चार ढीग

मी एक जुनी, सात कप्प्यांची गोळ्यांची डबी आहे. रंग विटलेला, बुधवारचं झाकण निखळलेलं आणि रबराने बांधलेलं, असं माझं ध्यान आहे. हसू नका, मित्रांनो. नवी होते तेव्हा औषधांच्या दुकानात मीही चकचकत बसले होते.

तिथून मला आजीने उचललं. त्याच दिवशी डॉक्टर आजोबांबद्दल तिला म्हणाले होते, "आता आठवड्यांचाच हिशेब धरा." आजोबा हाडाचे शिंपी. "ठीक आहे, आठवड्याचं आठवड्याला बघू," एवढंच ते बोलले आणि मशीनवर जाऊन बसले.

दर रविवारी आजी मला भरायची. भरून झालं की एक बटण काचेच्या बरणीत टाकायची. आणखी एक आठवडा पदरात पडला, म्हणून! ती बटणं मोजायचं धाडस मात्र तिने कधी केलं नाही. माझं कौतुक फार. एखादी गोळी कप्प्यात राहिली, की घर डोक्यावर घ्यायची.

एक गोष्ट तिला खुपत होती. नातीचा फ्रॉक शिवताना आजोबा पूर्वी खालच्या दुमडीत चार बोटं जादा कापड ठेवायचे. पोर वाढली की उसवून लांब करायचा. आता ते अगदी अंगाबरोबर बेतायचे. दोन-तीन महिन्यांत फ्रॉक आखूड व्हायचा. आजी पाहायची आणि आखूड झालेला फ्रॉक घडी करून ठेवून द्यायची. मला फार वाईट वाटायचं, पण डबीला कोण विचारतो!

एका रविवारी नात गृहपाठ घेऊन आली. आठवड्यांची वर्षं करायची होती. भागाकार काही जमेना, तेव्हा तिने सरळ आजीची आठवड्यांची बरणी उपडी केली आणि बावन्न-बावन्न बटणांचे ढीग लावायला बसली. आजीचा जीव टांगणीला लागला.

"आजोबा, चार ढीग झाले! म्हणजे चार वर्षं. आणि हे आजीने आज टाकलेलं एक बटण वर."

"चार? काहीतरीच! नीट मोज बघू."

तिने पुन्हा मोजले. चारच. आजोबा कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले. आजी रडत होती आणि हसतही होती.

मग आजोबांनी गळ्यात फीत टाकली आणि नातीच्या कोटाचं माप घेतलं. कोट शिवून झाल्यावर आजीने हळूच खालची दुमड चाचपली. आत चार बोटं कापड होतं.

"अहो, हे उसवून कोट मोठा कोण करणार?"

"मी नाहीतर कोण? तुला एक टाका तरी सरळ घालता येतो का?"

मित्रांनो, हल्ली घरात नवी डबी आणायचं चाललंय. तुमच्याही घरी माझी एखादी बहीण असेल. तिला वेळेवर भरा, तिच्याशेजारी घटकाभर बसा आणि झाकण तुटलं म्हणून टाकून देऊ नका. माझंही नुसतं रबर बदला. उद्या रविवार आहे, आणि तो कोट अजून उसवायचा राहिलाय.