डॅरियन गिलोरीवरचा अहवाल

डॅरियन गिलोरीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो चुकीच्या जागी उभा होता.

पाहिलं म्हणजे फिल्मवर. नोव्हेंबरातला, कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलचा सामना होता. पुढचा डाव सुरू व्हायला चार सेकंद उरले होते आणि आपण कुठे उभं राहायचं हे त्याला कळत नव्हतं. शेजारच्या पोराने त्याच्या कमरेला धरून त्याला दोन पावलं डावीकडे सरकवलं. चेंडू सुटला आणि हा असा पळाला की त्याला अडवायला ठेवलेले दोघे मागेच राहिले. लांबून आलेला चेंडू त्याने मान न वळवता, खांद्यावरून, एका हातात घेतला. मी ती फिल्म मागे नेऊन पुन्हा लावली. झेल बघायला नव्हे, ती दोन पावलं बघायला.

बावीस वर्षं मी एका व्यावसायिक संघाचा स्काउट होतो. लुइझियाना आणि मिसिसिपीतली कॉलेजं माझ्याकडे. एप्रिलमध्ये ड्राफ्ट होतो, सात फेऱ्यांत सगळे संघ आळीपाळीने कॉलेजातली पोरं उचलतात. त्याआधी कोण उचलण्याजोगा आहे ते मी लिहून द्यायचं. त्यातही माझा हात रिसीव्हरांवर बसलेला, म्हणजे सुसाट पळत जाऊन लांबचा चेंडू झेलणाऱ्यांवर. पंजा केवढा, पहिली तीन पावलं कशी टाकतो, चेंडू सुटला तर पुढच्या वेळी घाबरतो का, घरी कोण आहे, सगळं लिहायचं. पोरं मला मिस्टर ऑर्विल म्हणायची. आडनाव थिबोडो, पण आमच्याकडे वडीलधाऱ्याला असंच म्हणतात.

तर त्या दोन पावलांपासून मी मागे मागे गेलो आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी थांबलो. मैदानाच्या मधोमध चेंडू झेलताना डॅरियनला समोरून धडक बसली होती. डोकं जमिनीवर आपटलं. उजवा हात वर उचलला गेला आणि बोटं ताठ होऊन तशीच हवेत राहिली. माझ्याइतक्या फिल्म पाहिलेल्या माणसाला त्या बोटांचा अर्थ विचारावा लागत नाही: मार मेंदूला बसला होता. कॉलेजच्या कागदावर मात्र 'खांदा दुखावला' एवढंच होतं, आणि पुढच्या शनिवारी तो खेळला होता.

मार्चमध्ये कॉलेजच्या मैदानावर चाचणीचा दिवस झाला. आम्ही वीसेक स्काउट घड्याळं घेऊन उभे. डॅरियन चाळीस यार्ड साडेचार सेकंदांच्या आत पळाला. त्याच्याकडे फेकलेला एकही चेंडू खाली पडला नाही. माझ्या शेजारचा एक जण म्हणाला की हा तिसऱ्या फेरीत नक्की जातो, कदाचित दुसऱ्याही.

दुपारी मी त्याला एका खोलीत घेऊन बसलो. फळ्यावर पाच डाव काढून दाखवले, पुसले, वीस मिनिटं मासेमारीच्या गप्पा मारल्या आणि मग तेच डाव त्याला काढायला सांगितले. पाचही बरोबर आले. पण प्रत्येक डावाआधी त्याचा उजवा हात डावी बाही सारखी करायला जायचा.

"मनगट दाखव," मी म्हणालो.

त्याने दाखवलं. निळ्या पेनाने, मुंगीएवढ्या अक्षरांत, पाचही डाव लिहिलेले होते.

"सगळेच लिहितात, मिस्टर ऑर्विल."

"सगळे नाही लिहीत. किती वेळा लागलंय डोक्याला?"

त्याने फळ्यावरचा शेवटचा डाव पुसला. मग त्याने सांगितलं की तीनदा. मला दिसली ती मधली धडक. हंगामाआधी स्मरणशक्तीची चाचणी घेतात, तिच्यात तो मुद्दाम चुकला होता. बरीच पोरं चुकतात. मग पुढे मार बसला तरी निकाल तेवढाच येतो आणि डॉक्टर मैदानात सोडतात. हे तो मला अशा सुरात सांगत होता, जसं एखाद्याने गाडीचं दार कसं लावायचं ते सांगावं.

"हे लिहू नका," शेवटी तो म्हणाला. "मला दुसरं काही येत नाही."

मी जे पाहिलं ते लिहीन, असं मी सांगितलं. त्याने बाही खाली ओढली. "बरं, सर," म्हणाला, आणि जाताना माझ्यासाठी दार धरून उभा राहिला.

दहा दिवसांनी मी ओपेलूससला त्याच्या घरी गेलो. घर बघणं हाही कामाचाच भाग. तिथे त्याची बहीण ओडेट होती, चौतिशीची. तो अकरा वर्षांचा असताना आई गेली, तेव्हापासून हिनेच त्याला वाढवलं. म्हाताऱ्यांच्या आश्रमात ती शुश्रूषेचं काम करायची. तिने भात आणि डुकराच्या मटणाचा दाट रस्सा केला होता. पानं वाढल्यावर तिने डॅरियनला कोपऱ्यावरून पाव आणायला पाठवलं. पाव टेबलावर होताच, फडक्याखाली.

तो फाटकाबाहेर पडेपर्यंत ती खिडकीशी उभी राहिली. मग बसली. तिने सांगितलं की तो चुलीवर भात ठेवून केस कापायला निघून जातो. दोनदा झालं. उन्हात गेला की उलटी होते. गेल्या महिन्यात तिलाच आईच्या नावाने हाक मारली आणि नंतर थट्टा केल्यासारखं हसला.

"मी जिथे काम करते तिथे ऐंशीची माणसं अशी असतात," ती म्हणाली. "हा बावीसचा आहे."

मी विचारलं, त्याला थांबायला सांगितलंत का.

"मी सांगितलं तर जन्मभर म्हणेल, बहिणीने वाटोळं केलं. तुम्ही लिहा. असं लिहा की कोणीच त्याला हात लावणार नाही. बोल लावायचा तर तुम्हाला लावू दे. तुम्ही कुठे इथे राहता."

मी लिहीन म्हणालो.

डॅरियन परत आला तो बर्फाची पिशवी घेऊन. ओडेटने ती त्याच्या हातून घेतली, शहाणा माझा, म्हणाली आणि बर्फ आत ठेवून आली. आम्ही तिघं जेवलो.

अहवाल दोन पानांचा झाला. खेळ तिसऱ्या फेरीचा, असं लिहिलं, कारण ते खरं होतं. खाली तिन्ही मारांच्या तारखा, मनगटावरचं, मुद्दाम चुकलेली चाचणी, घरचं. शेवटी शिफारस: घेऊ नये, कोणत्याही फेरीत घेऊ नये.

आमचा जनरल मॅनेजर केंट्रेल नावाचा होता. त्याने दोन्ही पानं माझ्यासमोर वाचली. आवाज चढवणं नाही, टाकून बोलणं नाही, असा माणूस. त्याने एवढंच विचारलं की हे आणखी कोणाला ठाऊक आहे. माझ्या माहितीत कोणाला नाही, मी म्हणालो. छान काम केलंस ऑर्विल, तो म्हणाला आणि पानं खणात ठेवली.

आठवड्याभरात ते सगळीकडे पसरलं. दुसऱ्या संघांचे स्काउट मला फोन करून विचारू लागले की गिलोरीच्या डोक्याचं काय ऐकतोय. कुठून फुटलं मला कळेना, पण खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. आता त्याला कोणी घेणार नाही. ओडेटला हवं होतं तेच होतंय, असा माझा समज.

ड्राफ्टच्या तिसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, सातव्या फेरीत आमच्या संघाने डॅरियन गिलोरीचं नाव दिलं.

मी केंट्रेलला ऑफिसच्या पॅसेजमध्ये गाठलं. त्याच्या हातात सँडविच होतं.

"मी घेऊ नये असं लिहिलं होतं," मी म्हणालो.

"तू लिहिलंस म्हणूनच तर तो सातव्यापर्यंत उरला." तो शांतपणे खात होता, आणि बातमी कुठून फुटली ते मला तेव्हा कळलं. "तिसऱ्या फेरीचा गडी जवळपास फुकटात मिळाला. ते तुझ्यामुळे, हे मी विसरणार नाही."

"त्याचं डोकं..."

"डॉक्टर बघतील. सातव्या फेरीतल्या पोराला मी फार जपत बसत नाही, ऑर्विल. किकवर पळवू. टिकला तर टिकला."

किक म्हणजे दुसऱ्या संघाने लाथेने लांब उडवलेला चेंडू; तो घेऊन पळताना समोरून अकरा जण पूर्ण वेगाने अंगावर येतात. रिसीव्हरचा मार त्यापुढे काहीच नाही.

निवड झाली की ज्या स्काउटच्या भागातला पोरगा, त्याने फोन करून अभिनंदन करायचं, ही आमची रीत. मी फोन लावला. पलीकडे घर माणसांनी भरलेलं होतं. डॅरियन रडत होता.

"तुम्ही लिहिलं नाहीत ना," तो म्हणाला. "मला ठाऊक होतं. मी सगळ्यांना सांगितलं, मिस्टर ऑर्विल आपला माणूस आहे."

त्याने फोन ओडेटकडे दिला. मागे लोक टाळ्या वाजवत होते.

"तुम्ही लिहीन म्हणाला होतात," ती म्हणाली.

"लिहिलं होतं, ओडेट."

"मग?"

मी सांगायला सुरुवात केली, पण पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत तिने फोन ठेवला होता.

मी संघाच्या डॉक्टरकडे गेलो. चाचणीचा निकाल कॉलेजातल्या जुन्या निकालाशी जुळतोय, तो म्हणाला. जुळणारच, मी म्हणालो, आणि का ते सांगितलं. पोराने स्वतः तसं सांगावं, मग मी थांबवतो, असं त्याचं म्हणणं पडलं. जुलैमध्ये सराव शिबिराला जाऊन मी डॅरियनला हात जोडले, डॉक्टरला खरं सांग म्हणून. अहवाल मीच लिहिला, हेही तेव्हाच सांगितलं. तो चिडला नाही. हेल्मेटचा पट्टा चोळत तो बसला होता.

"सातव्या फेरीवाल्याला एक दिवस आजारी पडता येत नाही," म्हणाला. "सांगितलं तर संध्याकाळी माझी बॅग दाराबाहेर असेल. तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

माहीत होतं. मी स्वतः अशा किती बॅगा पाहिल्या होत्या.

ऑगस्टमधल्या दुसऱ्या सराव सामन्यात, तिसऱ्या किकवर, तो पडला आणि उठला नाही. मी तेव्हा हॅटिसबर्गला दुसऱ्या एका रिसीव्हरची फिल्म बघत होतो. कवटीत रक्तस्राव झाला होता. शस्त्रक्रिया केली, जीव वाचला. उजवी बाजू लुळी पडली आणि शब्द हरवायला लागले. सरावातला दुर्दैवी अपघात, असं संघाने पत्रक काढलं.

ओडेटने संघावर दावा लावला तेव्हा मी त्या दोन पानांची माझ्याकडची प्रत तिच्या वकिलाला नेऊन दिली. ती संघाची मालमत्ता होती, त्यामुळे मी राजीनामा लिहायच्या आतच मला काढून टाकलं. वकील म्हणाला, संघाला आधीपासून ठाऊक होतं हे यावरून दिसतं, पण वर्षं लागतील. अजून चालू आहे. केंट्रेल त्याच खुर्चीत आहे.

फेब्रुवारीत मी ओपेलूससला गेलो. ओडेट मला आत घेणार नाही अशी तयारी ठेवूनच गेलो होतो. तिने घेतलं. आश्रमातली नोकरी तिने सोडली होती; आता तेच काम घरी. तिने माझ्याशी भांडण काढलं नाही, गोड बोलणंही नाही. कॉफी ठेवली आणि डॅरियनच्या पायांवरची चादर सारखी केली.

तो ओसरीवर खुर्चीत होता. बारीक झाला होता. मला बघून त्याने डावा हात पुढे केला.

"मिस्टर ऑर्विल," तो म्हणाला. नाव त्याला बरोबर आठवलं. नंतरचा शब्द शोधायला वेळ लागला. "आता... कोणासाठी?"

"कोणासाठीच नाही, बाळा. काम सोडलं."

"मग कोणाला बघायला आलात?"

"तुला."

त्याने पाठ ताठ केली. रस्त्याकडे बघितलं, मग आत बहिणीकडे. "ओडेट," त्याने हाक मारली, "माझे बूट."

मला वाटलं ती काहीतरी सांगून टाळेल. पण ती आत गेली आणि खिळ्यांचे बूट घेऊन आली. डावा त्याने आपणच घातला. उजव्या पायासाठी ती खाली बसली, पाय मांडीवर घेतला, बूट चढवला आणि नाडी घट्ट बांधली. मी निघेपर्यंत तो तसाच बसून होता, बूट घालून, कोणी हाक मारील म्हणून.