माशाचे कान

आमच्या ओढ्याला वर्षातून चार दिवस पाणी असायचं. तिथल्या बेडकांना पोहता येत नव्हतं. पाणी आलं की ते बाभळीवर चढून बसायचे. अशा गावात हरिबा मास्तरानं पोरांना मातीचा मासा करायला सांगितला. मास्तर कृष्णाकाठचा. कडेगावच्या बाजूला या माळावर बदली झाल्यापासून तो आमच्यावर दात धरून होता आणि आम्ही त्याच्यावर.

लढाईची सालं होती. हस्तकलेचा तास नवाच निघाला होता आणि शनिवारी शाळा तपासायला दिपोटी साहेब येणार होता.

"परत्येकाचा मासा टेबलावर पायजे," फळ्यावर पायताणासारखा एक मासा काढून मास्तर म्हणाला. "ज्याचा नसंल, त्याचं नाव पटावरनं कमी. आन् सुले, तू आदी ऐक. मासा न्हाई झाला तर गप मेंढरामागं जा. वर्गातला वास तरी जाईल."

सुलाबाई ही तात्याबा धनगराची लेक. पूर्वेकडच्या दुष्काळी मुलखातून तो दरसाल यायचा आणि खतासाठी आमच्या रानात मेंढरं बसवायचा. सुलीचा थोरला भाऊ सिद्धू पलटणीत होता. त्याचं पत्र आलं की मास्तर वाचून दाखवायचा, पण मधल्या ओळी गिळायचा, आणि उरलेल्यांवर वर्गाला हसवायचा. म्हणून नवं पत्र तिनं फोडलंच नव्हतं. ओच्यात खोचून ठेवलं होतं. ते ती स्वतः वाचणार होती. बाराखडी संपली होती, जोडाक्षरं तेवढी राहिली होती. पटावरचं नाव गेलं असतं तर ती जोडाक्षरं जन्मभर राहिली असती.

आमचे मासे उन्हात तडकले. माझा तर आधी वांग्यासारखा होता, मग मधोमध फुटला. सुलीनं मातीत लोकर कालवली होती, म्हणून तिचा शाबूत राहिला. पोकळ बोरूचं टोक दाबून तिनं अंगभर खवले काढले होते. खोटं सांगत नाही, दोन मांजरं त्या माशापुढं मिशा पुसत बसली होती, आणि एक घार तीनदा घिरट्या घालून गेली. आमच्या घारीनं तरी मासा कुठं पाहिला होता?

फक्त त्या माशाला दोन कान होते. डाव्या कानाला दोन खाचा.

"माशाला कान?" मास्तर खेकसला.

"आवं, कान न्हाई तर खूण कुठं पाडायची? मासा कुणाचा त्ये कळंल कसं?"

"अगं येडे, माशाला मालक असतो व्हय?"

"मालक नसंल तर चोरीला जाईल की."

वर्ग खदाखदा हसला. सगळ्यांत मोठ्यानं मी.

मी आप्पासोंचा अर्जुना. गावातला ऊस आमचा, विहीर आमची, शाळा उभी होती ती जागाही आमची. शनिवारी मधल्या सुट्टीत मी सुलीचा मासा उचलला, कान मोडून बंडीच्या खिशात घातले, मोडलेली जागा थुंकी लावून गुळगुळीत केली आणि मासा माझ्या नावाच्या चिठ्ठीवर ठेवला.

दिपोटी आला. टेबलावर नजर फिरवून नेमका तोच मासा त्यानं उचलला. "वा! हा कुणाचा?"

"आप्पासोंच्या चिरंजीवांचा, साहेब." मास्तर कमरेत वाकला.

"आणि या मुलीचा कुठं आहे?"

"न्हाईच केला, साहेब. धनगराची हाय. नाव कमीच करतो." मास्तरानं पट उघडला, टाक दौतीत बुडवला.

"त्यो मासा माजा हाय," सुली उठून म्हणाली.

"गप, खोटारडे! आप्पासोंच्या पोराला चोर म्हणतीस?"

ती रडली नाही. लांडग्याकडं बघावं तसं तिनं माझ्याकडं बघितलं. "सायेब, मेंढरू चोरलं की चोर आदी त्येचे कान कापतो, खूण जावी म्हणून. मग आमी मेंढरू शोदत न्हाई, कान शोदतो. ह्येचा खिसा बघा."

कान फेकून द्यायचे असतात हे मला कुणी शिकवलं होतं? आमच्या घरात मेंढरं नव्हती.

दिपोटीनं खिशातून दोन्ही कान काढले. मातीचा डावा कान चिमटीत धरून तो थेट शेजारच्या रानात गेला. तिथं तात्याबाची मेंढरं बसली होती. तो जवळ जाताच दोनशे मेंढरांनी एकदम मुंड्या वळवून डावा कान पुढं केला. सगळ्यांना दोन-दोन खाचा.

परत येऊन तो मास्तरावर ओरडला, "टाक खाली ठेवा! या मुलीचं नाव मला विचारल्याशिवाय हलणार नाही. आणि हे कान चिकटवा. तुम्ही स्वतः."

मास्तरानं कडुनिंबाचा पाला चावल्यासारखं तोंड करून डिंकानं कान चिकटवले.

शाळा सुटल्यावर सुलीनं मला बांधावर गाठलं, खाली पाडलं आणि माझा डावा कान कडाडून चावला. "आता तू कुणाचा चोर, त्ये समद्यांना कळंल." तुटलं नाही काही, पण दोन खाचा अजून आहेत.

माझा कान बघून बापानं काठी घेतली आणि तात्याबाला मेंढरांसकट रानातून हाकललं. त्यानं शेजारच्या केरबाच्या रानात तळ टाकला. त्या साली केरबाची ज्वारी एवढी वाढली की कणसं काढायला शिडी लावावी लागली, आणि आमचा ऊस बोरूएवढा राहिला.

माझा कान बरा व्हायच्या आतच जोडाक्षरं संपली. त्या दिवशी सुली आमच्याच विहिरीच्या काठावर बसली आणि पत्र फोडून मोठ्यानं वाचू लागली. एकही ओळ गिळली नाही. सिद्धूनं शेवटी लिहिलं होतं, "बोटीतनं समुद्रात लय मासे बघितले. पण एकालाही कान न्हाई, कसली खूण न्हाई. कुणाचे हायेत, काय कळत न्हाई."

तिनं पत्राची घडी घातली आणि माझ्या हळद लावलेल्या कानाकडं बघत म्हणाली,

"मंजी तिकडची माणसं समदी तुझ्याच जातीची दिसत्यात."