कमरेतला नाका

माझ्या सासूला, नागुबाईला, माझं ढोंग पकडायचं होतं. त्यासाठीच ती ताडकळसहून परभणीच्या दवाखान्यापर्यंत बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत आली. वर्षभर माझ्या कमरेतून टाचेपर्यंत सणक जायची. मांडी घालता येईना, म्हणून लिंगपूजाही मी उभ्यानं करायची. डॉक्टरला काही सापडलं नाही तर मला गंगाखेडला माहेरी धाडायचं आणि अण्णारावांना दुसरी करून द्यायची, हे तिनं ठरवूनच टाकलं होतं. आणि हे अण्णाराव, माझा नवरा? नुसता नंदीबैल.

डॉक्टरांनी माकडहाडापाशी सुई दिली.

"पायाची तक्रार कमरेतून डोक्याकडं जाते. तिथं मी निजामसरकारच्या करोडगिरीसारखा जकातनाका बसवलाय. संध्याकाळपर्यंत काही पुढं सुटायचं नाही. निजून राहा."

पाय बधिर झाला, सणक गेली. काय सुख ते! मी निजते कशाची? दवाखान्याच्या ओसरीवरच हातानं पाय ओढून मांडी घातली, गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं आणि डोळे मिटले.

खाली अंगणात तीन दगडांवर सासू भाकरी भाजत होती. तिनं पाहिलं.

"बग अण्णा, बसली की मांडी घालून! सुई कमरंत आन् बरा झाला पाय? वरीसभर नाटक करायली व्हती ही सटवी!"

मी डोळे उघडलेच नाहीत. जरा वेळानं करपल्याचा वास आला. भाकरी करपली वाटतं, म्हणून पाहिलं, तर तापलेलं उलथणं माझ्या पोटरीवर होतं आणि सासू माझ्या तोंडाकडे बघत होती, मी कधी ओरडते म्हणून. मी ओरडले नाही. पाय खरंच बधिर आहे हे बघून उलथणं तिच्याच हातातून पडलं.

मग काय विचारता! तूप आलं. अण्णाराव उपरण्यानं वारा घालू लागले. वर्षभरात माझ्या पायाला कुणी हात लावला नव्हता.

संध्याकाळी नाका उठला. पोटरी चरचरली, आणि तिच्यामागून ती जुनी सणक टाचेपर्यंत गेली. मी किंचाळले.

"लय भाजलं का गं माय? चुकलं माजं," सासू रडायला लागली.

"भाजल्याचं सोसंल वो आत्याबाई. माजं ते जुनंच दुखायलंय."

तिचं रडणं थांबलं. तुपाची वाटी तिनं बाजूला सरकवली.

"पुन्ना तेच? अण्णा, हिला गंगाखेडला सोडून ये."

अण्णारावांनी मान डोलावली.