टांग्याच्या पाटीवर घेतलेले नाव

कल्याण स्टेशनाबाहेर भाड्यासाठी उभ्या राहणाऱ्या प्रत्येक टांग्याला मागच्या बाजूस पत्र्याची पाटी हवी, असा नियम टांगा कमिटीने केला. काळ्या रंगावर पांढरी अक्षरे. वर नंबर, खाली मालकाचे नाव. त्याआधी बाजारातले काही दुकानदार नोकरांच्या नावावर टांगे चालवीत. टांगा कुणाच्या अंगावर गेला की मालक सापडत नसे. हे बेनामी प्रकरण मोडण्यासाठी कमिटीचे अध्यक्ष त्र्यंबकराव यांनी एक कलम स्वतः लिहिले. मालकाने कारकुनासमोर येऊन आपले पूर्ण नाव स्वमुखाने सांगावे, आणि पाटीवर ते सांगितल्याबरहुकूम रंगवावे.

त्र्यंबकराव पेन्शनर मामलेदार. मसुदा त्यांनी पुनःपुन्हा वाचून पाहिला होता. त्यात फट राहिली नाही याची त्यांना खात्री होती. कल्याणातल्या टांग्यांचे मालक तोवर सगळे पुरुष होते, त्यामुळे बाईमाणसाचा विचार त्यांच्या मनात आला नाही, आणि त्यात त्यांचा फारसा दोषही नव्हता.

त्याच वर्षी श्रावणात बंदराच्या रस्त्यावरची नवी मोरी खचली. ती बांधून दोन महिनेही झाले नव्हते. तानाजी टांगेवाला भिवंडीचा उतारू घेऊन बंदराकडे निघाला होता. चाक खड्ड्यात गेले, टांगा कलंडला, आणि त्याचा उजवा पाय चाकाखाली आला. उतारू बचावला, घोडे बचावले. हाडवैद्याने पाय बांधला, पण हाड वाकडे जुळले. दसऱ्याला परवाना नवा करण्याची वेळ आली तेव्हा तानाजी खाटेवरून उठू शकत नव्हता. कमिटी म्हणाली, मालक हजर हवा. म्हणून टांगा त्याची बायको हौसाबाई हिच्या नावावर करायचे ठरले. हाकायला तिचा धाकटा भाऊ सहदेव होताच.

हौसाबाई कचेरीत गेली. कारकुनाने बोरू शाईत बुडवला.

"नाव?"

"हौसाबाई."

"पूर्ण सांगा. नवऱ्याचं नाव घालून."

हौसाबाई पदर सावरून उभी राहिली. नजर तिने जमिनीकडे वळवली.

कारकून पन्नाशीचा, घरंदाज गृहस्थ होता. त्याच्या घरीही बायको त्याला 'अहो' आणि 'इकडून' यांपलीकडे हाक मारीत नसे. अडचण त्याला समजली. "तानाजीच ना? मला ठाऊक आहे. पण कलमात स्वमुखाने लिहिलंय, बाई. मी सांगून चालत नाही."

"सरळ कसं घेऊ, भाऊसाहेब? जित्ताजागता नवरा हाय माझा."

"मग उखाण्यात घ्या. नाव आलं म्हणजे झालं."

"चालंल?"

"न चालायला काय झालं? लग्नकार्यात घेता तसं घ्या."

हौसाबाईने क्षणभर आढ्याकडे पाहिले. मग पाटावर बसलेल्या नवरीसारखी मान खाली घालून, पण खणखणीत आवाजात तिने नाव घेतले:

"नव्या मोरीची माती एका पावसात वाहिली,
तानाजीरावांचा पाय गेला, पगडी कंत्राटदाराची राहिली."

कारकुनाचा बोरू थांबला. त्याने वर पाहिले. हौसाबाईचा चेहरा सरळ होता. त्याने पुन्हा कलमाकडे पाहिले. सांगितल्याबरहुकूम, असे तिथे लिहिले होते. त्याने सांगितल्याबरहुकूम लिहून घेतले आणि कागद रंगाऱ्याकडे पाठवला. रंगाऱ्याला एवढा मजकूर नेहमीच्या पाटीवर मावेना, म्हणून त्याने दुप्पट लांबीचा पत्रा कापला.

टांगा स्टेशनावर उभा राहिला त्या दिवशी उतारू टांग्यात बसायच्या आधी मागे जाऊन उभे राहू लागले. ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाची, बाकीचे ऐकत आणि हसत. दुसऱ्या टांगेवाल्यांनी सहदेवला भंडावून सोडले. "काय रे, तुझ्या बहिणीनं तुलापण असाच उखाण्यात घातलाय का?" सहदेव लाजून घोड्यांना उगाच खरारा करीत बसे. पण भाडे त्याला कधी नव्हे एवढे मिळू लागले.

चौथ्या दिवशी त्या मोरीचे कंत्राटदार गुरुदत्त ठाण्याहून गाडीने आले. बाहेर येताच पाटी त्यांच्या नजरेस पडली. त्यांनी ती वाचली, पगडी काढून काखेत धरली, आणि तसेच उघड्या डोक्याने कमिटीच्या कचेरीत गेले. संध्याकाळी सहदेवच्या हातात नोटीस पडली. पाटीवरील बेअदबीचा मजकूर पुसावा, अन्यथा सोमवारच्या बैठकीत परवाना रद्द होईल.

घरी नोटीस कळली तेव्हा तानाजी खाटेवर उठून बसला.

"पूस म्हणतात तर पूस. टांगा गेला तर खायचं काय? घोडी विकायची?"

"मी काय खोटं सांगितलंय?"

"खरं-खोटं कोण इचारतंय? माझा पाय गावभर मिरवतीस तू. कालच तो पलीकडचा पानवाला दारातनं ओरडला, काय तानाजीराव, पाय गेला म्हणं, कुठल्या गाडीनं गेला?"

सहदेव हसला आणि लगेच त्याने तोंडावर हात ठेवला.

"मोरी अजून तशीच हाय," हौसाबाई म्हणाली. "रोज सहदेव त्याच्यावरनं जातो. उद्या त्याचा पाय जाईल. तवा मी कुणाच्या नावानं उखाणा घेऊ?"

"ते कमिटीला सांग."

"कमिटीला तीन येळा सांगून आले. तवा कोण मला सोमवारी ये म्हणालं न्हाई. आता म्हणतात."

तानाजीने भिंतीकडे तोंड केले. "परवाना गेला तर माझ्याशी बोलू नकोस."

सोमवारी कचेरीच्या ओटीवर माणसे बसली होती. आत मेजामागे त्र्यंबकराव, शेजारी सभासद आनंदराव वकील, एका खुर्चीवर गुरुदत्त कंत्राटदार. हौसाबाई दाराशी उभी राहिली. मागे सहदेव, हातात चाबूक तसाच.

त्र्यंबकरावांनी चष्मा लावून पाटीचा मजकूर वाचला. ओटीवरून हसू ऐकू आले. "शांतता," ते म्हणाले. "बाई, पाटीवर नाव हवं. तू तर पवाडा लिहिलास."

"नावच हाय, रावसाहेब. दुसऱ्या ओळीत."

"हे सरासर खोटं आहे," गुरुदत्त म्हणाले. "पाय गेला म्हणते. पाय गेलेला नाही. पाय जागेवर आहे, मी चौकशी केली आहे."

"जागेवर हाय, शेट," हौसाबाई म्हणाली. "निस्ता चालत न्हाई. तुमची मोरीबी जागेवरच हाय."

ओटीवर आता उघड हशा झाला. त्र्यंबकरावांनी मेजावर थाप मारली.

आनंदराव वकिलांनी पुढे वाकून विचारले, "शेट, मजकुरात आपलं नाव कुठं आहे? मला तानाजीचं दिसतं. आपलं दिसत नाही."

"कंत्राटदार म्हटलंय की."

"कल्याण-ठाण्यात कंत्राटदार पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी तक्रार घेऊन कोणी आलं नाही. ही मोरी आपली, एवढं आपण कबूल करता असं लिहून घेऊ का?"

गुरुदत्तांनी वकिलांकडे पाहिले. मग त्यांनी आवाज उतरवला. "हे पाहा, मी वाईट माणूस नाही. बाईने पाटी पुसावी. तिच्या नवऱ्याच्या औषधपाण्याचं मी बघतो."

हौसाबाईने भावाकडे पाहिले. सहदेवच्या डोळ्यांत 'घे' असे स्पष्ट होते.

"औषध हाडवैद्यानं दिलं," ती म्हणाली. "तुम्ही मोरीचं बघा. ती बांधायचं काम तुमचं हाय."

त्र्यंबकरावांना हा व्यवहार आपल्या मेजासमोर चाललेला आवडला नाही. ते गुरुदत्तांवर डाफरले, मग हौसाबाईकडे वळले. "उखाणा घ्यायला माझी हरकत नाही. चालरीत आहे. पण उखाणे काय थोडे आहेत? चांगला घे. असा घे..." त्यांनी घसा साफ केला. "चांदीच्या वाटीत केशराचा रंग, तानाजीरावांचं नाव घेते, सुखी असो संग. हा रंगवून टाकू. वाद मिटला."

"आमच्या घरात चांदीची वाटी न्हाई, रावसाहेब."

"अगं, उखाण्यात असते!"

"उखाणा तुमचा झाला. तुमचा उखाणा मी घेतला तर लोक म्हणतील, टांगा रावसाहेबांचा."

"तोंड तर तुझंच असेल?"

"तोंड माझं, पण पाय माझ्या धन्याचा गेलाय. केशराचा रंग म्हणून कसं चालंल?"

त्र्यंबकराव मागे रेलले. "मग सरळ नाव सांग. उखाणा नको, काही नको. अमक्याची बायको तमकी. कलमाप्रमाणे स्वमुखाने."

आनंदराव हळूच म्हणाले, "असा हुकूम काढता का, रावसाहेब? सवाशिणीने चारचौघांत नवऱ्याचं नाव उघड घ्यावं, असा? आपल्या सहीने निघेल. ओटीवर ठाण्याच्या वर्तमानपत्राचा बातमीदार बसलाय."

त्र्यंबकरावांनी ओटीकडे पाहिले. हुकुमाची बातमी छापून यायला दोन दिवस लागले असते. पण घरी पत्नी मंदाकिनीबाईंच्या कानावर ती दुपारच्या जेवणाआधीच गेली असती. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी एकदाही 'त्र्यंबक' हा शब्द उच्चारला नव्हता. त्र्यंबकेश्वराला जाऊन आल्यावरही त्या 'नाशिकजवळचा देव' म्हणत.

त्र्यंबकरावांनी कलमाचा कागद मागवला आणि आपलेच अक्षर पहिल्यांदा पाहावे तसे वाचले.

"हे कलम मी लिहिलं," ते शेवटी म्हणाले. "ते बेनामी बंद करण्यासाठी लिहिलं. नाव मालकाचं असावं आणि ते मालकाने सांगावं, एवढाच त्याचा अर्थ. आता ही बाई एक सांगते आणि कमिटीने आपल्या पसंतीचं दुसरं रंगवावं असं मी ठरवलं, तर पाटीवरचं नाव तिचं राहत नाही, कमिटीचं होतं. तेही बेनामीच. मला मजकूर आवडलेला नाही. पण मला आवडावा असं कलमात कुठंही नाही."

"म्हणजे?" गुरुदत्तांनी विचारले.

"म्हणजे मजकूर राहील. परवाना राहील. पाटी मात्र मापाबाहेर आहे. मापाची करावी. नंबर लांबून वाचता आला पाहिजे. नाव उरलेल्या जागेत बसवावं, कसं बसवायचं ते रंगाऱ्याने पाहावं."

"मी ठाण्याला कलेक्टरसाहेबांकडे अर्ज करीन."

"अवश्य करा. सुरुवातीलाच लिहा, पाटीवर म्हटलेला कंत्राटदार तो मीच."

तो अर्ज गेला नाही. रंगाऱ्याने त्याच दुपारी मापाचा पत्रा कापला आणि दोन्ही ओळी मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत बसवल्या. परिणाम असा झाला की पूर्वी जे लांबून वाचत ते आता पाटीला नाक लावून उभे राहू लागले, आणि टांग्यामागे कशाची गर्दी म्हणून आणखी माणसे येऊ लागली. त्या आठवड्याच्या अखेरीस बंदराच्या रस्त्यावर दगड येऊन पडले. मोरी पुन्हा खणायला घेतली होती.

पण सोमवारी संध्याकाळी हौसाबाईला दगडांची काही कल्पना नव्हती. ती सहदेवबरोबर टांग्यातून घरी आली तेव्हा तानाजी भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"परवाना राहिला," ती म्हणाली.

तो वळला. "आणि पाटी?"

"पाटीबी राहिली."

तानाजी कोपरांवर रेटून उठून बसला. मग म्हणाला, "मला दारात न्या."

सहदेवने आणि शेजारच्या दोघांनी खाट उचलून उंबऱ्याशी आणली. सहदेवने टांगा वळवून पाठमोरा उभा केला. नव्या रंगाचा वास येत होता. तानाजीने पुढे वाकून पाटी निरखली. त्याला अक्षरओळख नव्हती. हौसाबाईलाही नव्हती. सहदेवला नंबरापुरते आकडे येत.

"एवढंसंच हाय की," तो म्हणाला. "काय लिवलंय?"

"ठाऊक हाय तुम्हाला."

"लोकांच्या तोंडून ठाऊक हाय. पानवाला सांगतो, दूधवाला सांगतो. नाव माझं, अन् तू घेतलंस कचेरीत, कारकुनासमोर. मी कुठं ऐकलंय?"

शेजारणी दारांत येऊन उभ्या राहिल्या होत्या. एकीने "घे गं हौसा, नाव घे!" अशी लग्नातली हाक दिली, बाकीच्यांनी ती उचलली. कारकुनासमोर न अडखळलेली, त्र्यंबकरावांना उत्तरे देऊन आलेली हौसाबाई आता कानांपर्यंत लाल झाली. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला, खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली, आणि मान खाली घालून नाव घेतले. पहिली ओळ. दुसरी ओळ. 'तानाजीरावांचा' हा शब्द इतका हळू आला की शेजारणींना तो ऐकू गेला नाही.

तानाजीला गेला. त्याने मांडीखाली उशी नीट सारली आणि ऐसपैस टेकून बसला.

"पुन्हा घे," तो म्हणाला. "अन् पगडी जरा जोरात."