ग्रहणातली हातगाडी

"आज विळीला हात लावायचा न्हाई, सुईला न्हाई, कशालाच न्हाई," गिरजाबाईंनी सकाळपासून सुनेला बजावून ठेवलं होतं. "भिंतीला टेकून गप बसून ऱ्हायचं."

१९८० सालच्या फेब्रुवारीतला शनिवार होता तो. दुपारी सूर्यग्रहण लागणार होतं आणि सगळ्या पिंपरीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. कस्तुराचे दिवस भरत आले होते. गिरजाबाईंनी खोलीच्या पत्र्याला जिथं जिथं भोक दिसलं तिथं चिंधी कोंबली, खिडकीला गोधडी लावली, दाराखालच्या फटीत पोतं सारलं. मुलगा सोपान कंपनीत शिफ्टला गेला होता. आत दोघी सासूसुना आणि उकाडा.

या भीतीला कारण होतं. बीडकडच्या गावी गिरजाबाईंचा पहिला मुलगा दुभंगलेल्या ओठाचा जन्मला होता. त्याला दूध ओढता आलं नाही. बारसं होण्याआधीच तो गेला. हिनं ग्रहणात भाजी चिरली असणार, असं सासरच्यांनी ठरवून टाकलं. गिरजाबाईंना तसं काही आठवत नव्हतं. पण इतक्या जणांनी इतकी वर्षं ऐकवल्यावर आपल्या हातातली विळी त्यांना स्वतःलाच दिसायला लागली होती.

ऊन कलायच्या आतच कस्तुराचं पाणी गेलं. कळा सुरू झाल्या त्या थांबेचनात. गिरजाबाई डोक्यावरून पदर घट्ट ओढून शेजारच्या तानुबाईच्या दाराशी पळाल्या. वस्तीतली निम्मी बाळंतपणं तानुबाईच्या हातची.

"तानुबाई, दार उघड गं! पोरगी अडलीय."

"गिरजे, वेध लागल्यात," आतून आवाज आला. "गिराण सुटू दे, मग येते."

"तवर ती दम धरंल का?"

आतून कडी सरकवल्याचा आवाज आला.

त्या परत आल्या तेव्हा कस्तुराचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ती दातांत पदर धरून कण्हत होती. गिरजाबाईंनी कडी लावली आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. दुसरं काय करावं ते त्यांना कळेना.

त्या सुनसान दुपारी बाहेर फावड्यांचा आवाज तेवढा येत होता. मिशनच्या हायस्कूलची मुलं आली होती. दर शनिवारी शाळा सुटली की ती वस्तीत यायची, तुंबलेलं गटार उपसायची, नळापाशी फरशा बसवायची, म्हाताऱ्याकोताऱ्यांना धरून दवाखान्यात न्यायची. पहिल्यांदा लोकांनी त्यांना हुसकून लावलं होतं. हे धर्म बाटवायला आलेत, असं कुणीतरी उठवलं होतं. मग हळूहळू लक्षात आलं, की यातली बरीचशी आपल्यासारख्याच कामगारांची पोरं आहेत आणि गाळ काढण्यापलीकडं ती काही मागत नाहीत. तरी आज ती येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं.

कस्तुरा मोठ्यानं किंचाळली. फावडी थांबली. दारावर थाप पडली.

"आजी, मी फिलोमिना. आत कोण ओरडतंय?"

फिलोमिना साळवे दहावीतली मुलगी, नगरकडच्या ख्रिस्ती घरातली. मागं गिरजाबाईंचा पाय सुजला होता तेव्हा हिनंच त्यांना दवाखान्यात नेलं होतं.

"जा बाई इथनं," गिरजाबाई आतूनच म्हणाल्या. "दार उघडायचं न्हाई आज."

मग मुलांबरोबर आलेल्या सिस्टरांचा आवाज आला. "गिरजाबाई, पाणी गेलंय का तिचं?"

"व्हय. मघाच."

"मग तिला लगेच दवाखान्यात हलवायला हवं. आमच्याकडे हातगाडी आहे. तुम्ही हो म्हटल्याशिवाय आम्ही दाराला हात लावणार नाही. पण उशीर करू नका."

गिरजाबाई जागच्या हलल्या नाहीत. दाराबाहेर ते ग्रहण होतं, ज्यानं त्यांचं एक लेकरू नेलं होतं. तेवढ्यात मांडीवरून कस्तुराचा आवाज आला, बारीक पण स्पष्ट. "आत्याबाई, मला न्या. हितं मी मरंन."

गिरजाबाई उठल्या आणि त्यांनी कडी काढली.

हातगाडी गाळ वाहायची होती. मुलांनी ती नळाखाली खसाखसा धुऊन काढली होती, पाणी अजून निथळत होतं. फिलोमिनानं आतल्या गोधड्या ओढून तिच्यावर जाड बिछाना घातला. सिस्टरांनी भीमराज नावाच्या मुलाला सायकलवरून पुढं पिटाळलं. "डॉक्टर असतील तिथून उठवून आण. आम्ही पोचायच्या आत फाटक उघडं पाहिजे." कस्तुराला चौघी मुलींनी उचलून गाडीवर ठेवलं. गिरजाबाईंनी तिला नखशिखांत चादरीनं झाकलं, कुठूनही एक किरण आत जाऊ नये म्हणून.

"वर बघायचं नाही कुणी," सिस्टर म्हणाल्या. "डोळे रस्त्यावर. चला."

मुंबई-पुणे रस्ता असा कुणी कधी पाहिला नव्हता. एक ट्रक नाही, एक रिक्षा नाही. दुकानांच्या फळ्या लागलेल्या, कुत्रीसुद्धा कुठं दडलेली. ऊन होतं पण त्यातली धग गेली होती. पितळेच्या जुन्या भांड्यासारखा मळकट, गार उजेड सगळीकडं पसरला होता आणि माणसांच्या सावल्या सुरीनं कापल्यासारख्या धारदार पडल्या होत्या. मुलं वाकून गाडी ढकलत होती. रस्ता उखडलेला आला की दोन्ही बाजूंनी हात घालून ती अख्खी गाडी उचलायची, बाईला हिसका बसू नये म्हणून, आणि पलीकडं अलगद टेकवायची. कुणी कुणाला सांगत नव्हतं. गिरजाबाई गाडीची कड धरून चालत होत्या आणि ते हात बघत होत्या. गटारातला गाळ नखांत तसाच होता. कुणाची कोण ही पोरं!

पुढं रस्त्याकडेला मोठे वड होते. गाडी त्यांच्याखाली आली आणि कस्तुरानं जीव घुसमटून तोंडावरची चादर फेकून दिली. गिरजाबाई ती परत ओढायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

कस्तुराच्या पोटावर, लुगड्यावर, गालांवर, कपाळावर उजेडाच्या कोरी पडल्या होत्या. बीजेच्या चंद्रासारख्या बारीक, वाकड्या, शेकडो. गाडीवर, मुलांच्या गणवेशांवर, सिस्टरांच्या पांढऱ्या झग्यावर, सगळ्या रस्त्याभर त्या सांडल्या होत्या. वारा आला की साऱ्या एकदम थरथरायच्या.

"अगं आई!" गिरजाबाईंच्या तोंडून निघालं. "हे काय गं?"

"सूर्य आहे, आजी," फिलोमिना हलक्या आवाजात म्हणाली. तीही थांबली होती. "पानांच्या बारक्या फटींतून सूर्याचंच चित्र खाली पडतं. आत्ता तो कोरीएवढाच उरलाय, म्हणून ही सगळी चित्रं कोरीची. आम्ही वर्गात पुठ्ठ्याला भोक पाडून बघितलं होतं. पण एवढं... एवढं असेल असं नव्हतं वाटलं."

"हिला काय व्हनार न्हाई?"

"ऊन आहे ते, आजी. रोज पडतं तेच."

गिरजाबाईंनी आपले हात पुढं केले. दोन्ही तळव्यांवर त्या कोरी अलगद उतरल्या. त्यांना ना ऊब होती ना वजन. ज्याच्या भयानं आयुष्यभर दारं लावली, ते इतकं देखणं असेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आपण रडतोय की काय, हेही त्यांना समजेना. पाखरं संध्याकाळ समजून वडावर येऊन कलकलाट करत होती. मुलं तळवे पुढं करून त्या कोरी झेलत होती. सिस्टर ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हणत होत्या.

कस्तुरा कण्हली आणि गाडी पुन्हा चालू लागली.

दवाखान्याचं फाटक उघडं होतं. भीमराज डॉक्टरीणबाईंना घेऊन पायरीवरच उभा होता. मूल आडवं आलं होतं. अजून थोडा उशीर झाला असता तर दोघांपैकी एकही हाती लागलं नसतं, असं डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या. गिरजाबाई बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. मुलं पायऱ्यांवर बसली होती. घरी जा म्हटलं तरी एकही हलेना. हळूहळू ऊन पुन्हा पिवळं झालं, तापलं.

नर्सनं बाळ आणून दिलं तेव्हा गिरजाबाईंनी आधी मुलगा की मुलगी ते विचारलंच नाही. बोटानं त्यांनी बाळाचा वरचा ओठ चाचपला. अखंड होता, गुलाबी, ओला. बाळानं ते बोटच तोंडात धरलं आणि ओढायला लागलं.

"मुलगी आहे," नर्स म्हणाली.

"हिनं वढलं," गिरजाबाई म्हणाल्या. "बघा, वढतीया." आणि मग त्या मोठ्यानं रडल्या, मुलांच्या देखत, पदर तोंडाला न लावता. फिलोमिना येऊन शेजारी बसली. गिरजाबाईंनी तिला सगळं सांगितलं. पहिला मुलगा, त्याचा ओठ, सासरच्यांचे बोल, सगळं. सोपानलाही त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं.

"आजी, तुम्ही काही केलं नव्हतं," ती मुलगी म्हणाली.

एवढंच म्हणाली. पण त्या घरात, त्या गावात इतक्या वर्षांत एकानंही हे म्हटलं नव्हतं.

सूर्य मावळायच्या बेताला सोपान धावतपळत दवाखान्यात आला, तशा गिरजाबाई बाळंतिणीसाठी पेज करायला वस्तीत परतल्या. ग्रहण सुटलं होतं. दारं उघडली होती, बाया अंगणं धूत होत्या, शिजवलेलं अन्न टाकून देत होत्या. नळापाशी ही गर्दी. तानुबाई ओल्या केसांनी दारात उभी होती. तिला त्यांच्याकडं धड बघवेना.

"गिरजे," शेवटी तिनं विचारलं, "आंघोळ केलीस का गं?"

"न्हाई," गिरजाबाई चालता चालता म्हणाल्या. "नात झाली मला. सवडच न्हाई मिळाली."

आणि त्यांनी चूल पेटवायला घेतली.