केळीच्या राखेचा खार

खुर्शीद डॉक्टरांनी बाबांच्या सुजलेल्या पायावर बोट दाबलं. खड्डा पडला, तो तसाच राहिला. मूत्रपिंडं थकलीत, मीठ पूर्ण बंद, असं त्यांनी बजावलं आणि रोज नाडी मोजून वहीत लिहायचं काम मला दिलं. जळगाव जामोदच्या आमच्या शाळेत शास्त्रात पहिली मीच, मग दुसऱ्या कोणाला देणार?

अळणी वरण बाबांच्या घशाखाली उतरेना. माय रडकुंडीला आली. तेव्हा युक्ती मलाच सुचली. केळीचं वाळलेलं खोड जाळायचं, राख भिजवून फडक्यातून गाळायची, की झाला खार. पापडात घालतोच की आपण! ते काही मीठ नव्हे. मी तो वरणात घातला. बाबा वाटी चाटूनपुसून जेवले आणि म्हणाले, बावीस वर्षांत तुझ्या मायले असं वरण जमलं नाही. मायनं लाटणं दाखवलं.

वहीत नाडी उतरत गेली. शहात्तर, सत्तर, बासष्ट. मी खूश, बाबांचा जीव शांत होतोय म्हणून. सहाव्या दिवशी चौपन्न. ओठाले मुंग्या येतात, असं बाबा म्हणाले. आठव्या दिवशी दुपारी त्यांना बाजेवर पाय उचलता येईना. नाडी अडतीस, आणि मध्येच एखादा ठोका गायब. मी घड्याळ कानाशी धरलं. ते नीट चालू होतं.

डॉक्टर सायकलवर आले. वही बघताच त्यांचा चेहरा उतरला. मीठ दिलं का, असं त्यांनी विचारलं. मायनं शपथ घेतली, खडाही नाही. ती खरंच बोलत होती. मी गप्प राहिले असते तर कोणाला कळलंही नसतं.

"मी केळीचा खार दिला, डॉक्टरसाहेब. दोन्ही वेळा."

राखेत पोटॅशियम असतं, हे मला तोंडपाठ होतं. मूत्रपिंडांनी ते बाहेर टाकलं नाही तर रक्तात साचतं आणि काळीज थांबवतं, हे पुस्तकात नव्हतं; ते डॉक्टरांनी सांगितलं.

त्यांनी शिरेत कॅल्शियम अगदी हळू टोचलं. माझं बोट मनगटावर. बेचाळीस. अठ्ठेचाळीस. अठ्ठावन्न! मग ग्लुकोज आणि इन्सुलिन. माय हसली. डॉक्टर हसले नाहीत.

"हे घडीभर काळजाले धरून ठेवते, पोरी. खार अजून अंगातच हाय. लघवी मोकळी झाली तर वाचले. माह्याजवळ आता कॅल्शियमची एकच सुई उरली. नाडी चाळिसाच्या खाली गेली की हाक मार."

ते ओट्यावर जाऊन बसले. मी खाराचं मडकं उकिरड्यावर रितं केलं, हात धुतले, पुन्हा बोट ठेवलं.

"किती हाय वं?" बाबांनी विचारलं.

छप्पन्न होती, छप्पन्नच सांगितली. पुढच्या खेपेला बावन्न. तीही सांगितली.